दोघांनी उचललेली बॅटरी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात हैबती नावाचा जीपवाला राहत होता. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. एकदा भर थांब्यावर त्याने टेम्पोवाल्या दगडूची थट्टा केली.

"हे भंगार हाकण्यापेक्षा बैल घे की!"

लोक हसले. दगडू हसला नाही. दोघे एका डब्यात जेवणारे मित्र, पण त्या दिवसापासून बोलणं तुटलं. चूक आपली, हे हैबतीला कळत होतं. पण तोंड उघडवत नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली. एका सकाळी शेजारच्या गिरिजाला बाळंतकळा सुरू झाल्या. सासूने तिला कशीबशी हैबतीच्या जीपमध्ये बसवलं. हैबतीने किल्ली फिरवली. टक्, टक्, एवढाच आवाज आला. बॅटरी पार बसली होती. जीप खोलगट अंगणात उभी. चौघांनी धक्का दिला, तरी ती चढावर येईना.

गावात दुसरी गाडी एकच, दगडूची. तीही दुरुस्तीसाठी चाकं काढून विटांवर ठेवलेली. बॅटरी तेवढी धड होती. हैबतीचे पाय जागचे हलेनात. तेवढ्यात गिरिजा कळवळून ओरडली आणि तो धावत सुटला.

दगडू टेम्पोपाशी नट घासत बसला होता.

"दगडू, त्या दिवशी मी..." हैबती धापा टाकत म्हणाला.

"ते मागाहून. झालंय काय?"

"गिरिजाला दवाखान्यात न्यायचंय. माझी बॅटरी बसलीय."

दगडू ताडकन उठला. बॅटरी सोडवून त्याने तिला दोरी बांधली. "हे टोक धर," तो म्हणाला.

ती जड बॅटरी दोघांनी गल्लीतून नेली. वायरी जोडल्या. हैबतीने किल्ली फिरवली आणि जीप धडधडू लागली.

"वाटेत पुन्हा बंद पडली तर?" असं म्हणत दगडू बॅटरीसकट जीपमध्ये चढला.

दुपारी दवाखान्याच्या ओट्यावर सासूबाई दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन आल्या. "दोघी सुखरूप आहेत रे," त्या म्हणाल्या.

हैबतीने दगडूचा तेलकट हात घट्ट धरला. "माझं चुकलं होतं."

"हळू बोल," दगडू डोळे पुसत म्हणाला, "पोर आत्ताच झोपलीय."

तात्पर्य: दुसऱ्याच्या जिवासाठी मान वाकवली तर मान जात नाही, मनातली अढी तेवढी जाते.