हिरवा जाळ

आतषबाजी करणाऱ्या गोदाक्काने उडवलेल्या दारूच्या हिरव्या झाडांनी जत्रा उजळली. खूश होऊन इनामदारांनी दुसऱ्या दिवशी तिला भर सभेत सोन्याचं कडं दिलं. कडं हाताला हलकं लागताच गोदाक्काने पिशवीतल्या कानशीने चिमूटभर कीस काढला, जाळाचा रंग खुलवणाऱ्या नवसागरात मिसळला आणि पलित्यावर टाकला. जाळ हिरवागार झाला!

"सरकार, हिरव्या रंगासाठी मी रोज तांबंच जाळते. ह्या मुलाम्याखालीही तेच आहे."

"तुझा जाळच खोटा!" इनामदार गरजले.

"असेल, सरकार. मग आपल्या गळ्यातल्या कंठ्याचा कीस टाकून बघू. खरं सोनं हिरवं जळत नाही. तोही हिरवा जळला, तर एकतर मी खोटी, नाहीतर कंठा."

इनामदारांनी कंठा गच्च मुठीत धरला. "राहू दे! कडं बदलून देतो."

कडं बदलून मिळालं. पण त्या दिवसापासून अख्खं गाव इनामदारांच्या कंठ्याकडे बघायला लागलं.