किल्ली, कुलूप आणि केसातली पिन

फार मागे एकदा, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, एक कुलूप आपल्या किल्लीशिवाय उघडलं. कुलपांचा कायदा असा, की परक्यापुढे तोंड उघडायचं नाही.

किल्ली तेव्हा बायजाच्या कमरेला होती. निजलेल्या बाळाला घरात ठेवून, कुलूप लावून बायजा पाण्याला गेली होती. परत येऊन बघते तर कुलूप उघडं, आणि त्यात शेजारणीच्या केसातली पिन! किल्लीचा नुसता तिळपापड झाला.

"तिच्यात असं काय पाहिलंस रे? काळी, वाकडी, तेलकट मेली! इतकी वर्षं माझ्या एकटीचं ऐकायचास!"

"कायदा मोडला, कबूल," कुलूप म्हणालं. "पण चुलीतली ठिणगी गोधडीवर पडली होती. बाळ धुरात गुदमरत होतं. तेव्हा तू होतीस का इथे?"

तेवढ्यात शेजारणीच्या खांद्यावर बाळ खोकलं आणि मग मोठ्यांदा रडलं. किल्ली पिनेकडे वळली. पोटात जळत होतंच, तरी पिनेला म्हणाली, "बाई, उद्यापासून याच्याजवळ फिरकू नकोस. पण गावातल्या सगळ्या कुलपांना एवढं सांग, आत लेकरू रडत असेल तर किल्लीची वाट बघायची नाही."