फाटकाची किल्ली

"पण बाबा, घर राखलं हा काय गुन्हा झाला?"

उस्मानबाबा फकीर दर्ग्याची ओसरी झाडत होते. झाडू काही थांबला नाही.

विचारणारे होते धैर्यशीलराव भोईटे. पाच महिन्यांपूर्वी धरणग्रस्तांचा मोर्चा त्यांच्या बंगल्यावरून चालला होता, तेव्हा रावांनी व्हरांड्यातून बंदूक रोखली. गोळी सुटली नाही, पण रावांवर खटला उभा राहिला. शिवाय फाटकाचं कुलूप फोडून घुसल्याच्या आरोपावरून मोर्चातले तिघं तुरुंगात होते. उद्या त्यांच्या खटल्यात रावांची साक्ष. नाव धैर्यशील, पण पाचावर धारण बसली होती.

रावांनी एक कोरं कुलूप पुढे केलं. या दर्ग्याची रीतच तशी. नवस बोलायचा, जाळीला कुलूप लावायचं, किल्ली जपायची, आणि नवस फळला की येऊन उघडायचं.

"नवस काय?"

"यातून एकदाचा मोकळा होऊ दे. अन्न गोड लागत नाही. दारावर कुणी थाप मारली तरी छातीत धस्स होतं."

"फाटकाचं कुलूप कुठं हाय?"

"पोलिसांकडे. पुरावा म्हणून."

"अन् किल्ली?"

चोराच्या मनात चांदणं, रावांचा हात आपसूक खिशाकडे गेला. पाच महिने किल्ली तिथंच होती. टाकवतही नव्हती, ठेववतही नव्हती.

"कुणी फोडलं, राव?"

"मोर्चा गेल्यावर... मीच. हातोडीनं. ते तर रस्त्यावरच होते हो, घोषणा देत. पण उगाच बंदूक रोखली म्हटल्यावर मला सोडलं असतं का कुणी? घाबरलो मी, बाबा. फार घाबरलो."

बाबांनी झाडू खाली ठेवला. कोरं कुलूप जाळीला लावलं आणि त्याची किल्ली स्वतःच्या झोळीत टाकली.

"बाबा, किल्ली नवस बोलणाऱ्याकडे असते ना?"

"तुमच्याकडं हाय की एक. ती उद्या जजसायबांच्या हातात द्या. मग ही न्यायला या."

"अहो, मग त्या तिघांना सोडतील आणि मलाच आत टाकतील! माझ्या नवसाचं काय?"

बाबा खाली वाकले. पुन्हा झाडू लागले...

"आत टाकलं, की फळला समजा."