फरशीखालचा जुडगा

“आणि हे वळण कशासाठी, बाय?”

लोपीस सरांचं बोट आराखड्यावर थांबलं.

मृण्मयीनं आराखड्यावरून नजर उचलली. सकाळपासून ती शाबासकीची वाट बघत होती. प्रश्नाची नव्हे.

बस्त्याव लोपीस मूळचे वसईचे. हयात तारा ओढण्यात गेली. आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, मग डेटा सेंटरांत. आता निवृत्त होऊन घरच्या वाडीत केळी लावत होते. मृण्मयी कारखानीस त्यांच्या हाताखाली शिकली आणि बघता बघता त्यांच्या पुढे गेली. हे सर स्वतःच सगळ्यांना सांगत. तीही ते नाकारत नसे.

इस्पितळाचं डेटा सेंटर नव्यानं उभं करायचं काम तिच्याकडे आलं होतं. यंत्रांची कपाटं कुठं, तारा कुठून, गार हवा कशी, सगळं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी समितीपुढं आराखडा जायचा होता. त्याआधी सरांनी तो बघावा म्हणून ती त्यांना गाडी करून इस्पितळात घेऊन आली होती.

“सगळ्या तारा छतालगतच्या जाळीवरून सरळ चालल्यात,” सर म्हणाले. “आणि इथं खांबापाशी येऊन वळतात. खाली उतरतात. फरशीखाली शिरतात. का?”

“तिथं जुना जुडगा आहे ना, सर. त्याला जोडल्यात.”

“कुणाचा जुडगा?”

“...तुमचा.”

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

सरांनी इथं स्वतःच्या हातानं बांधलेला तो जुडगा या धंद्यातल्या लोकांना ठाऊक होता. मनगटाएवढ्या जाडीच्या तारांच्या पेंड्या एकमेकींशेजारी निजवलेल्या, मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या. एक तार दुसरीवर चढलेली नाही. गाठीमागून गाठ, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. दुसऱ्या शहरांतून इंजिनिअर यायचे, फरशी उचलून बघायचे आणि गुडघ्यांवर बसून गाठी मोजायचे. मृण्मयी त्याच फरशीवर मांडी घालून गाठ मारायला शिकली होती.

“तो अजून चांगला आहे, सर. मी स्वतः तपासला. एकही तार गेलेली नाही.”

“तारा चांगल्या आहेत का, असं मी विचारलं नाही.”

“मग टाकून कशाला द्यायचा? खर्च वाचतो.”

“वळण का आहे, एवढंच विचारलं.”

मृण्मयीचा आवाज चढला. “सर, एवढा मोठा आराखडा आहे! दोन वाटा ठेवल्यात, एक तुटली तर दुसरी चालू. उद्या यंत्रं दुप्पट झाली तरी एक भिंत हलवावी लागणार नाही. या शहरात असं काम कुणी केलेलं नाही. आणि तुम्हाला दिसलं काय, तर एक वळण?”

“बाकीचं फार सुंदर आहे,” सर शांतपणे म्हणाले. “माझ्याच्यानं झालं नसतं.”

तिनं आराखड्याची सुरळी केली.

“म्हणून तर वळण दिसलं... चल, आत जाऊ.”

आत यंत्रांची घरघर होती. खांबाअलीकडची रांग चालू, पलीकडची रिकामी. इथं गार हवा फरशीखालच्या पोकळीतून वाहायची आणि भोकांच्या फरश्यांमधून वर येऊन यंत्रांना मिळायची. सरांचा जुडगा त्याच पोकळीत आडवा पसरलेला होता. एके काळी सगळीकडे तशीच पद्धत होती.

“ओढणी दे तुझी.”

तिनं दिली. सरांनी जुडग्याच्या अलीकडच्या एका भोकांच्या फरशीवर ओढणीचं टोक धरलं. टोक फडफडलं, वर उडालं.

मग ते सावकाश चालत खांबापलीकडे गेले. तिथल्या फरशीवर त्यांनी तेच टोक धरलं.

ओढणी सरळ खाली लोंबत राहिली.

“हे तुला माहीत होतं,” सर म्हणाले.

मृण्मयी ओढणीकडे बघत राहिली.

मे महिन्यात नेमकी याच बाजूची यंत्रं तापून बंद पडली होती. रक्तपेढीतल्या संगणकांचे पडदे काळे झाले. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुणाला कळेना. वर बाळंतिणीच्या वॉर्डात एका बाईला रक्त लागत होतं आणि माणसं जिन्यांवरून हातात चिठ्ठ्या घेऊन धावत होती. बाई वाचली. पण तिचा नवरा जिन्यात बसून ज्या आवाजात रडला, तो आवाज मृण्मयीनं ऐकला होता.

“समितीनं कारण विचारलं, तेव्हा कोण बोललं?”

“मी.”

“काय सांगितलंस?”

“...हवा गार करणारं यंत्र जुनं झालंय.”

“झालंय?”

“नाही, सर.”

घरघर चालू होती. सरांनी ओढणीची घडी घातली आणि तिच्या हातात ठेवली.

“मी काय सांगणार होते?” मृण्मयी एकदम म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “की लोपीस सरांच्या कामानं हवा अडवली? त्या लोकांसमोर? त्यांना काय कळतं तुमच्या कामातलं? ते हसले असते, सर. म्हणाले असते, म्हातारबुवांनी घोळ घालून ठेवला. मला नसतं ऐकवलं.”

“म्हणून जुडगा ठेवलास.”

“हो.”

“आणि त्याच्यासाठी सगळा आराखडा वाकवलास.”

“थोडासा.”

“थोडासा,” सर म्हणाले. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. “पलीकडे नवीन यंत्रं आली, मे महिना आला, की?”

तिनं मान खाली घातली.

सरांनी कोपऱ्यातली रबरी पकड आणायला सांगितली. मृण्मयीनं पकड लावून फरशी उचलली. खाली जुडगा होता, धुळीतही देखणा. यंत्रं बंद पडली त्यानंतर त्यांच्यावरचं सगळं काम अलीकडच्या रांगेत हलवलं होतं. त्याच्यातून आता काहीच वाहत नव्हतं.

सर गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसले. एका गाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“ही मार्थाचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यातली,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मार्था म्हणजे त्यांची बायको. “हात थरथरत होता. पण बघ... कळत नाही.”

“नाही कळत, सर.”

“कटर आण.”

“सर, नको. उद्या माणसं येतील, ती काढतील. तुम्ही नका.”

“आण म्हणतो ना.”

तिनं आणला. सरांनी कटरचं तोंड गाठीत घातलं आणि दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. संधिवातानं बोटं वाकलेली, मुठीत जोर उरला नव्हता. कटर निसटून फरशीवर पडला.

मृण्मयीनं तो उचलला. पण पुढं केला नाही.

“तू काप.”

“मी नाही कापणार.”

“का?”

“या गाठी मला तुम्ही शिकवल्यात. मी दुसरं काहीही करीन, सर. हे मला सांगू नका.”

सरांनी तिच्याकडे बघितलं. ओरडतील असं तिला वाटलं. तिच्या चुकांवर पूर्वी ते असे ओरडायचे की इस्पितळातला शिपाई दारात येऊन उभा राहायचा.

ते ओरडले नाहीत. त्यांनी तिचा कटर धरलेला हात हातात घेतला. गाठीपाशी नेला. तिच्या बोटांवर आपली वाकडी बोटं ठेवली, जशी पहिल्या दिवशी गाठ शिकवताना ठेवली होती.

“दाब.”

“सर...”

“दाब, बाय.”

दोरा तुटला. आवाजसुद्धा झाला नाही.

मग दुसरी गाठ. मग तिसरी. नंतर सरांनी हात काढून घेतला आणि तिला ते लक्षातही आलं नाही. ती रडत होती आणि कापत होती. गाठी संपल्या तशा तारा सुटल्या, सैलावल्या. तिनं त्या कापून कवळ्याकवळ्यानं बाहेर ओढल्या आणि रिकाम्या रांगेत टाकल्या. तिची बोटं काळी झाली. सर फरशीवर बसून नुसते बघत होते, पोर पहिल्यांदा एकटी सायकल चालवताना बापानं बघावं तसे.

शेवटची पेंडी निघाली आणि पलीकडच्या फरशीच्या भोकांतून धूळ उसळली. सरांना एक जोरदार शिंक आली. पाठोपाठ मृण्मयीलाही.

दोघं एकमेकांकडे बघून हसले. धूळ बसली. हवा येतच राहिली.

मृण्मयीनं आराखडा जमिनीवर पसरला. पेन्सिल घेतली, खांबापासचं वळण खोडलं आणि तारांची वाट सरळ भिंतीपर्यंत नेली. तेवढंच करायचं होतं.

“उद्या समितीला मी खरं सांगते,” ती म्हणाली.

“काय सांगशील?”

“यंत्र जुनं नव्हतं. हवा फरशीखाली अडत होती. ते मला माहीत होतं आणि मी लपवलं.”

“कशानं अडत होती म्हणशील?”

“...तारांनी.”

“कुणाच्या तारांनी?”

तिनं पेन्सिल कानामागं खोचली.

“नाव घे. आणि नीट घे. ती माणसं लोपेस म्हणतात. लोपेस नव्हे, लोपीस.”

“तुम्हाला वाईट नाही वाटणार?”

“वाटेल की.”

“मग?”

“मग काय? तू घरी सोडशील मला. मार्था जेवायला वाढेल. तूही जेवून जा.”

मृण्मयीनं ओढणीनं तोंड पुसलं, तर काळं तोंडभर पसरलं. सरांनी ते पाहिलं, सांगितलं नाही.

तिनं हात देऊन त्यांना उठवलं. रिकाम्या रांगेत तारांचा ढीग पडला होता. आता तो कुणाच्याही कामासारखा दिसत नव्हता. फरशी अजून उघडी होती आणि तिच्याखाली नुसती स्वच्छ, रिकामी पोकळी.

तिला राहवलं नाही.

“सर, आता इथं तुमचं काय राहिलं?”

सर पलीकडच्या भोकांच्या फरशीवर जाऊन उभे राहिले. खालून येणाऱ्या गार हवेनं त्यांच्या पँटीचे पाय फडफडले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि कानांवरून घेऊन हनुवटीखाली बांधला.

“पुढच्या खेपेला बोलावशील, बाय,” ते म्हणाले, “तेव्हा मला मफलर आण.”