कमानीतलं ऊन

नदीकाठच्या एका गावी केरोबा नावाचा चितारी होता. पाण्यात रंग कालवून तो देवळं, महाल, घाट काढी. हात असा की चित्रातली नक्षी दगडाशी ताडून पाहावी. खोड एकच होती. कागद बोटभर जरी कोरा राहिला, तरी त्याला तो कामचुकारपणा वाटे.

त्याच गावात सरदारांच्या घरच्या सगुणाबाई राहत. म्हातारपणी पाय थकले होते आणि नजरही मंद होत चालली होती. माहेर पाच दिवसांच्या वाटेवर. तिथं आता आपलं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. उरलं होतं फक्त महादेवाचं देऊळ, जिथं त्या लहानपणी सागरगोटे खेळायच्या. त्यांनी केरोबाला बोलावून घेतलं.

"दिसतंय तोवर एकदा ते देऊळ मला दाखव," त्या म्हणाल्या. "दुपार कलली की कमानीतून ऊन आत येतं. तिथं बसायचे मी."

केरोबा गेला आणि चित्र घेऊन आला. खांब, कोनाडे, वेलबुट्टी, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. सगुणाबाईंनी चित्र डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"देऊळ तेच आहे रे, पण मला आत जाता येत नाही."

केरोबाला राग आला. चित्र घरी परत नेऊन त्याने त्यातल्या फरशीवर पांढरा रंग फासला. ऊन काही पडलं नाही, चुना सांडल्यासारखं मात्र दिसलं. राग ओसरला, पण म्हातारीचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. तो पुन्हा पाच दिवस चालला.

या वेळी तीन दुपारी तो नुसता बसून राहिला. ऊन आत आलं की खांबावरची नक्षी त्यात दिसेनाशी होई. नेमकी तीच नक्षी, जिच्यावर त्याने सगळ्यात जास्त जीव ओतला होता. चौथ्या दिवशी त्याने सावल्या रंगवल्या आणि उन्हाच्या जागी हात आवरला. त्याला ते फार जड गेलं.

सगुणाबाईंनी नवं चित्र पाहिलं. त्या कोऱ्या जागेवर त्यांनी तळवा टेकला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"इथं बसलं की आईची हाक ऐकू यायची," त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब, तिथं मी काहीच काढलेलं नाही," केरोबा ओशाळून म्हणाला.

"म्हणून तर मला बसता आलं."

तात्पर्य: आपलं कसब दाखवायला सगळी जागा भरून टाकली, तर दुसऱ्याच्या मनाला टेकायला जागा उरत नाही.