सरांच्या मुठीतल्या अक्षता

टिळेकर सरांच्या इंग्रजीच्या वर्गात 'आय कॅन' म्हणायचं आणि तिथंच करून दाखवायचं. जमलं नाही, तर पुढच्या वर्गात प्रवेश नाही. कुमुदताईंना तर परदेशातल्या नातीशी बोलायचं होतं.

त्यांची पाळी येताच सर हसले. "काकू, तुम्हाला काय येणार? उपास?"

"आय कॅन कीप यू सायलेंट, सर."

"मला गप्प बसवणार? दाखवाच."

ताईंनी पिशवीतून अक्षता काढून सरांच्या हातावर ठेवल्या आणि सोमवारची कहाणी सुरू केली. आईच्या धाकात वाढलेल्या सरांनी आपसूक मूठ मिटली, मान खाली घातली. कहाणीत मध्येच बोलायचं नसतं ना!

कहाणी संपल्यावरच सरांचं तोंड उघडलं. "यू कॅन, काकू. बसा पुढच्या वर्गात. आता हीच कहाणी नातीला इंग्रजीत सांगा."