खाली उतरलेलं फडताळ

फार वर्षं झाली त्याला. उंबरखोरीच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता आणि अख्ख्या खोऱ्यात सुतार एकच होता, कुशाबा. सात वाड्यांची औतं त्याच्याकडे यायची. तिफण ढिली झाली, गाडीचं चाक तडकलं, दाराची चौकट फुगली की माणूस निघालाच कुशाबाकडे, आणि प्रत्येकाला आपलं काम कालच व्हायला हवं होतं. असं म्हणतात, की कुशाबा वाटेनं डोळे मिटून चालायचा. तेवढीच झोप त्याला मिळायची, आणि पाय वाट ओळखत होते.

तर या कुशाबाची बायको साळू. लग्न होऊन घरात आली त्या दिवशीच तिनं स्वयंपाकघर पाहिलं. तीन दगडांची चूल, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आढ्याला एक शिंकं, बाकी सगळं जमिनीवर. मीठ जमिनीवर, तेलाचं बुधलं जमिनीवर, भाकरीची टोपली जमिनीवर. सुताराचं घर आणि साधी एक फळी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. टाचा टेकवून, हात उंच करून तिनं शिंक्यात दह्याचं गाडगं ठेवलं, आणि कुशाबा दारातून बघत होता.

त्यानं पटाशी आणली आणि तिची बोटं जिथवर पोचली होती तिथं घरातल्या मधल्या खांबावर एक खाच पाडली. म्हणाला, "हितवर फडताळ करीन तुला. वाकायचं न्हाई का चढायचं न्हाई."

ते वर्ष गेलं. दुसरं गेलं. करायचं मनात नव्हतं असं कोण म्हणेल? उरलेल्यातली चांगली फळी दिसली की तो भिंतीशी लावून ठेवायचा आणि ही साळूची म्हणायचा. असं म्हणतात, की तीनदा फडताळापुरतं लाकूड जमलं आणि तीनदा गेलं. पहिल्यांदा ऐन पेरणीत वरच्या वाडीची तिफण मोडली तेव्हा गेलं. दुसऱ्यांदा एका घरी जुळी झाली आणि पाळणा एकच होता, तेव्हा गेलं. तिसऱ्यांदा गावविहिरीचा रहाट कोसळला. त्या वेळी कुशाबा फळ्यांपुढे नुसता उभा राहिला, त्याचा हातच होईना. तेव्हा साळूच म्हणाली की देऊन टाका, पाण्यावाचून फडताळात ठेवायचं तरी काय. दिल्या. बाई मनानं मोठी होती, पण मन मोठं असलं म्हणून पाठ दुखायची थांबत नाही.

मिठासाठी वाकायचं, तेलासाठी वाकायचं, पिठासाठी वाकायचं. दिवसातून शंभरदा म्हटलं तरी चाळीस वर्षांत किती झालं, तुम्हीच बघा. साळूची पाठ हळूहळू धरली. आधी सकाळपुरती, मग दिवसभर. मग ती तशीच राहिली, वाकलेली. रोज समोर असलेलं माणूस वाकताना दिसत नाही. कुशाबालाही दिसलं नाही. तो रात्री येऊन जेवायचा, आणि जेवता जेवताच पेंगायचा.

म्हातारपणी त्याचे हात थरथरायला लागले. सात वाड्यांनी ते पाहिलं आणि कामं ओढ्यापलीकडच्या एका नव्या सुताराकडे जाऊ लागली. कुशाबाला पहिल्यांदा रिकामा दिवस मिळाला. तसा तो उठला आणि चौथ्यांदा लाकूड जमवलं. फळ्या सागाच्या, निरनिराळ्या घरच्या कामांतून उरलेल्या, एकीचा रंग दुसरीला नाही. पाय मात्र बाभळीचे, लोखंडासारखे. एक फळी तासायची आणि तासभर बसायचं, असं चाललं. दोन पावसाळे गेले त्यात. आता हे एवढं झालं की मी झोपणार, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. चार खणांचं, दोन दारांचं फडताळ उभं राहिलं. माप कुठलं घेतलं? खांबावरच्या खाचेचं. सुताराची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, ती पुन्हा कशाला तपासायची?

फडताळ रिकामं देऊ नये म्हणून त्यानं सगळ्यात वरच्या खणात पानात बांधलेली गुळाची एक लहानशी ढेप ठेवली आणि साळूला बोलावलं. साळूनं दारं उघडून पाहिली, मिटून पाहिली. कडेवरून हात फिरवला. कुठं एक कुसळ टोचलं नाही. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाली, छान झालंय.

तिचा हात वरच्या खणाला पुरत नव्हता. वीतभर कमी पडत होता. एकदा तिनं पाटावर पाट ठेवून चढून पाहिलं, पण पाट डगमगले तशी ती उतरली. खालचे तीन खण तिनं भरले आणि वरच्याचं नाव काढलं नाही. चाळीस वर्षांनी हातात आलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, आणि तीही इतक्या दमलेल्या माणसासमोर?

महिन्याभरानं एका दुपारी साळू ओढ्यावर धुणं घेऊन निघाली होती. कुशाबा भिंतीला टेकून बसला होता. घशाला कोरड पडलेली. म्हणाला, गुळाचा खडा दे, पाणी पितो.

"गूळ संपला," ती म्हणाली, आणि बोचकं उचलून गेली.

महिन्यात ढेप संपली? दोन माणसांचं घर, खाणारं तिसरं कोणी नाही. कुशाबा उठला आणि वरच्या खणात हात घातला. ढेप तिथंच होती. त्यानं ठेवली होती तशीच, तिचं पान सुद्धा सुटलेलं नव्हतं. शेजारी ना डबा ना गाडगं, नुसती धूळ.

त्यानं दारातून बाहेर पाहिलं. साळू ओढ्याच्या उतारावर चालली होती. बोचकं पाठीवर होतं, आणि पाठ अशी होती की बोचकं घसरतच नव्हतं. मग त्यानं खांबावरची खाच पाहिली. ती खाच सतरा वर्षांच्या पोरीच्या हाताची होती. साऱ्या खोऱ्याला माणूस उभं करून त्याच्या मापाची औतं देणाऱ्या सुतारानं घरचं माणूस चाळीस वर्षांत एकदाही मापलं नव्हतं. आणि ती वाकली कशानं? या फडताळाला उशीर झाला त्यानंच वाकली. हे त्याला आता कळलं.

त्यानं करवत काढली. आडवा पडून एका पायाला लावली. बाभूळ ती, आणि हात असे थरथरणारे. चार वेळा करवत ओढली आणि पाचव्या वेळी ती अडकली, पुढे जाईना की मागे येईना. दुसऱ्याला हाक मारावी तर काय सांगून मारावी? करवत तशीच सोडून तो उठून बसला, फडताळाला डोकं टेकवलं, आणि माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलला.

"माझ्यानं आता व्हत न्हाई. सात वाड्यांचं केलं, तिचं ऱ्हायलं. ती काय वर याची न्हाई बाबा. तूच खाली ये."

एवढं बोलून त्याला तिथंच झोप लागली.

असं म्हणतात, की साळू धुणं घेऊन परतली तेव्हा घरात ओल्या मातीचा वास होता. फडताळ वीतभर खाली गेलं होतं. चारही पाय सारवलेल्या जमिनीत उतरले होते आणि भोवती माती जराशी फुगली होती. अडकलेली करवत सुटून बाजूला पडली होती. साळूनं झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, फडताळाकडे पाहिलं. मग टाचा टेकवून हात वर केला, आणि हात वरच्या खणात गेला.

तिनं गूळ फोडला, त्याला हलवून उठवलं आणि खडा हातावर ठेवला. खडा खाऊन तो पाणी प्यायला आणि पुन्हा आडवा झाला. असं म्हणतात, की तो तीन दिवस झोपला, आणि साळूनं त्याला उठवायला आलेल्या माणसांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

कुशाबा पुढं दोन वर्षांनी गेला. फडताळ मात्र उतरतच राहिलं. साळू दरसाल थोडी वाकायची आणि ते दरसाल बोटभर खाली जायचं. आधी खालचा खण जमिनीला टेकला, मग जमिनीत गेला. शहाणी माणसं म्हणतात, यात नवल कसलं, म्हातारी दर आठवड्याला सारवायची, जमीनच वर आली. आली असेल. पण मग त्याच जमिनीवरचं जातं का नाही बुडालं, हे शहाण्यांना विचारा. साळू गेली तेव्हा ती पार कमरेत दुमडलेली होती आणि वरचा खण तिच्या हाताला हवा तिथंच होता. त्या दिवसापासून फडताळ हललं नाही.

आता उंबरखोरीत सनमायका लावलेली कपाटं आलीत, आणि सुतारही तालुक्याहून मोटरसायकलवर येतो. तरी खंडेनवमीला हत्यारं पुजली की तो घरी जेवायला जात नाही. आधी गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या दारात जातो. तिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या खणात गुळाचा खडा ठेवतो आणि म्हणतो, "घ्या, आजी." म्हातारी हात वर करून खडा काढते. घरचे सारे तिच्या हाताकडे बघत असतात. सुतार खाली बसून तिच्या पायांकडे बघतो. टाच जमिनीवर राहिली तर खडा मोडून अर्धा तो खातो आणि पुढच्या घरी जातो. टाच उचलली गेली, तर पिशवीतून करवत काढतो.